वजन वाढायच्या आधीच घरात काय बदलता येईल? तेल, साखर, डबा आणि व्यायाम

तनुजा_ग

नमस्कार मंडळी. डाएटवर इथे पुष्कळ धागे आहेत, पण बहुतेक सगळे वजन वाढून बसल्यानंतरचे. मला बोलायचंय ते त्याच्या आधीबद्दल.

आमचं पाच माणसांचं घर, नाशिकला. मी, नवरा, सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. यंदा शाळेतल्या तपासणीत मुलाच्या कार्डावर 'वजन जास्त' असा शेरा आला. सासऱ्यांना मधुमेह होता, माझ्या वडिलांना आहे, नवऱ्याची शुगर काठावर आलीय. पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसतंय आणि ते नुसतं बघत बसायची माझी तयारी नाही.

एकानं डाएट करायचं आणि बाकीच्यांनी नेहमीचं खायचं, हे आमच्याकडे कधी टिकत नाही. करणाऱ्याला वेगळं ताट, रांधणारीला दुप्पट स्वयंपाक, आणि पंधरवड्यात दोघंही कंटाळतात. म्हणून मी वाण्याची यादी समोर घेतली. महिन्याला सहा लिटर तेल, पाच किलो साखर. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३६ ग्रॅम तेल. ग्रॅममागे ९ कॅलरी धरल्या तर नुसत्या तेलाच्या सव्वातीनशे कॅलरी, आणि त्या पाचांतली दोघं लहान मुलं. साखर माणशी ३३ ग्रॅम. यात तूप, बिस्किटं, शेव-फरसाण, रविवारचं बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांत २००० कॅलरीच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आणि साखर २०-२५ ग्रॅमच्या आत सांगितलीय.

तर तुमच्या घरी सगळ्यांसाठी मिळून काय बदललं आणि टिकलं? मुलाला न दुखावता हे कसं करायचं? आणि व्यायामाचं कसं जमवता? सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

रानवाट

विषय फार महत्त्वाचा आहे. वजनकाट्याच्या आधी शिवणाची टेप बाहेर काढा, एवढीच माझी भर.

आपल्याकडे वजन बेताचं दिसतं आणि चरबी पोटावर साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्यावर दोघं सारखेच. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा असं धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या, बायकांची ८० च्या आत असावी म्हणतात. 'मी कुठे जाड आहे' म्हणणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला टेप लावा.

स्टेथोस्कोप

रानवाट यांना अनुमोदन. मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते, रोज हेच बघते. टेप कुठे लावायची तेही सांगते, कारण बहुतेक जण पँटचा पट्टा येतो तिथे लावतात आणि खूश होतात. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. दुसरी सोपी खूण म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी.

हा काही मोजक्या श्रीमंत घरांचा प्रश्न राहिलेला नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता, १५.३ टक्के उंबरठ्यावर होते, आणि पोटाचा घेर वाढलेले तब्बल ३९.५ टक्के.

तनुजाताई, मुलाच्या बाबतीत तीन गोष्टी. मोठ्यांचा बीएमआय त्याला लावू नका. वय आणि उंचीप्रमाणे मुलांचे वेगळे तक्ते असतात, ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे मिळतील. त्याचं वजन 'उतरवायचं' असं डोक्यात ठेवू नका. उंची वाढतेय तोवर वजन आहे तिथे राहिलं तरी आपोआप प्रमाणात येतं. आणि त्याची मान मागून नीट बघा. मानेवर, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसते का? आया ते मळ समजून वज्रीनं घासत बसतात, पोराची मान लाल होते पण डाग जात नाही. तो मळ नसतो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. दिसली तर घासू नका, डॉक्टरांना दाखवा.

तनुजा_ग

डॉक्टर, मनापासून आभार. आत्ता झोपलेल्या मुलाची मान बॅटरी लावून बघितली. तसं काही नाही, पण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बापूकाका

मी कोल्हापूरचा, वय ७१. आमच्या लहानपणी घरात तूप, गूळ, दूध सगळं होतं. कुणी कॅलऱ्या मोजल्या नाहीत आणि कुणाचं पोट सुटलं नाही. हल्ली नुसती भीती घालतात. भाकरीवर लोणी घ्या आणि पहाटे उठून जोर-बैठका काढा, एवढं पुरे आहे. गंगावेश, मोतीबाग तालमीतली पोरं काय खातात ते जाऊन बघा.

शेवंता

काका, आदर ठेवून सांगते. माझे वडील आणि दोन्ही काका तालमीतलेच. लाल मातीत होते तोवर बदामाची थंडाई, दूध, मटण सगळं जिरत होतं. तालीम सुटली, दुकानाच्या गादीवर बसले आणि खुराक तोच राहिला. तिघांनाही पन्नाशीच्या आत मधुमेह. तुमच्या लहानपणी घरातली माणसं पाणी शेंदायची, दळण-कांडण करायची, रानात चालत जायची. ती मेहनत आता घरातून गेली आणि लोणी मात्र राहिलं.

बापूकाका

शेवंता, पटलं. माझा आग्रह मेहनतीचा आहे. तो सोडणार नाही.

पूर्वेश

मेहनतीबद्दल एक हिशेब देतो. सत्तर किलोच्या माणसानं अर्धा तास झपझप चाललं तर साधारण दीडशे कॅलरी जातात. एका वडापावात अडीचशे-तीनशे असतात. चालून आल्यावर 'आज चाललोय ना' म्हणून वडापाव खाल्ला तर सगळं मुसळ केरात. पोट सुटू नये यासाठी खाण्याला पहिला मान द्यावाच लागतो.

तरी व्यायाम सोडू नका, कारण त्याचे फायदे काट्यावर दिसत नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहारात सुधारणा आणि रोज अर्धा तास चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि ते वजनात फारसा फरक न पडता! 'महिनाभर चाललो, वजन हललं नाही' म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

खवय्या_सांगली

तेलावर मी लिहितो, घरात स्वयंपाक मीच करतो.

तेल कमी करायचं तर आधी बाटलीतून थेट कढईत ओतणं बंद. फोडणीला चहाचा चमचा. एका चमच्यात ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. चार माणसांच्या भाजीला तीन चमचे पुरतात, पण भाजी शिजवण्याची पद्धत बदलावी लागते. आपण तेल ज्यादा घालतो ते भाजी खाली लागू नये म्हणून. त्यावर आजीचा उपाय आहे. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली की भाजी घालून परतायची, कढईवर खोलगट ताटली ठेवायची आणि ताटलीत पाणी घालायचं. गॅस बारीक. ताटलीखाली वाफ धरते, पाणी भाजीवर ठिबकत राहतं, आणि तेच ताटलीतलं गरम पाणी लागलं तर भाजीत घालायचं. गवार, दोडका, कोबी, फरसबी सगळं असं होतं, चवीत रतीभरही कमी नाही. कोबीला उलट जास्त चव येते.

वाटणाचंही तसंच. कांदा-खोबरं तेलात तळायच्या ऐवजी कोरडं भाजायचं. कांदा सालासकट जाळावर भाजला तर रश्श्याला जो खमंगपणा येतो तो तळलेल्या कांद्याला येत नाही. तर्री मी महिन्यातून एकदा करतो, रीतसर, लाल तवंगाची. रोजच्या उसळीला ती नको.

वांगं आणि भेंडी मात्र तेल मागतात. तिथे ओढाताण करू नये. वांग्याचं भरीत करावं, भेंडी खावी तेव्हा नीट तेलात परतून खावी आणि आठवड्यातून एकदाच खावी.

आजोळ

ताटलीत पाणी! माझी आई अजून करते. मी नॉनस्टिकच्या नादात विसरले होते. उद्यापासून सुरू.

मोहोळकर

घाण्याचं तेल वापरलं तर चालेल ना जास्त?

खवय्या_सांगली

घाण्याचं असो, शेंगदाण्याचं असो, ऑलिव्ह असो की साजूक तूप, कॅलरी जवळपास तितक्याच. चवीसाठी, वासासाठी घाण्याचं जरूर घ्या, मीही घेतो. पण चमचा मोजूनच.

सई_लोकल

सगळं वाचतेय आणि पोटतिडकीनं लिहितेय. मी डोंबिवलीची, ऑफिस लोअर परळला. सकाळी पावणेसातला घर सोडते, परत यायला साडेआठ. मधे उभ्यानं लोकल. आल्यावर कुकर, मुलीचा अभ्यास, ओटा आवरणं. 'रोज ४५ मिनिटं व्यायाम करा' असं लिहिणाऱ्यानं माझा दिवस एकदा जगून बघावा. आणि घरकाम हा व्यायाम होत नाही असंही ऐकायचं. मग बाईनं करायचं काय?

स्टेथोस्कोप

सई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे.

घरकाम व्यायाम होत नाही, हे अर्धवट आहे. ज्या कामानं श्वास जोरात चालतो, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ते मोजायचं. जिने चढणं, पाण्याच्या बादल्या नेणं, झपझप स्टेशन गाठणं, सगळं मोजायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशी हालचाल सांगते, आणि ती दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केली तरी चालते. स्टेशनवर सरकत्या जिन्याच्या ऐवजी पायऱ्या, घरापर्यंत रिक्षाच्या ऐवजी पाय, यात तुमची निम्मी मिनिटं निघतील.

मात्र ओटा आवरण्यात स्नायूंना जोर लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस तो हवाच. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, पाळी जायच्या सुमाराला आणखी, आणि कंबर नेमकी तेव्हा वाढते. कुकरच्या शिट्ट्या होईतो ओट्याला हात टेकून जोर, खुर्चीवर बसून उठणं, टाचा उचलणं. दहा-पंधरा वेळा, दोन-तीन फेऱ्या. साधने काही लागत नाहीत.

आणि आता कडक बोलते. बाईच्या व्यायामाची वेळ घरातल्या कामाच्या वाटणीत असते. माझ्याकडे येणाऱ्या नवऱ्यांना मी सरळ लिहून देते: रात्रीची भांडी तुम्ही, त्या वेळात बायको चालायला. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं की ऐकतात.

सई_लोकल

डॉक्टर, ही चिठ्ठी मी फ्रीजवर लावणार आहे. शब्द नाहीत माझ्याकडे.

मोहोळकर

दिवसातून दोनदाच जेवायचं ते दीक्षित डाएट करावं का? आमच्या सोलापुरात बरेच जण करतात.

पूर्वेश

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेलं मूळ सूत्र सोपं आहे. कडाडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही गोड, तेलकट, चहा-बिस्किट नाही. माझ्या दोन सहकाऱ्यांचं पोट यानं उतरलं. माझ्या मते त्याची ताकद मधलं चरणं थांबण्यात आहे. चार वाजताचा चहा आणि त्याबरोबरचं फरसाण गेलं की बरंच जातं.

स्टेथोस्कोप

मोठ्या, धडधाकट माणसाला जमत असेल तर माझी हरकत नाही. दोनदा खा, तीनदा खा, मधलं किरकोळ खाणं बंद करा, हे सगळ्यांना लागू. पण तनुजाताईंच्या घरात हे सगळ्यांना सरसकट लावू नका. वाढत्या मुलांना नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही; साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. असे रुग्ण माझ्याकडे उचलून आणलेले आहेत.

आजोळ

उपवासाचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, वर नवरात्र. उपवासाच्या दिवशी घरात नेहमीपेक्षा जास्त तेल-तूप खपतं हे मी स्वतः बघितलंय. साबुदाण्याची खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, वेफर्स, वर रताळ्याचे गोड काप. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच.

मी सासूबाईंशी वाद घातला नाही. भगर आणि दाण्याची आमटी पूर्वीपासून उपासाला चालतच आलीय, तीच पुढे आणली. राजगिऱ्याची भाकरी, शिंगाड्याची थालीपिठं, काकडीची कोशिंबीर, दही, ताक, फळं. उपास मोडला नाही आणि दुपारी झोपही येत नाही. खिचडी आषाढी-कार्तिकीला, मनसोक्त.

रानवाट

आजोळ, फार सुंदर. परंपरेतलंच दुसरं पान उघडायचं, तोडायचं काही नाही.

न्यूजर्सीकर

इकडून लिहितो. आमच्या मंडळाच्या दर कार्यक्रमाला प्रत्येक घरून एक पदार्थ असतो आणि त्यात भाजी-कोशिंबीर आणणारं कुणीच नसतं. यंदा गणपतीत आम्ही ठरवून तीन घरांना कोशिंबिरी दिल्या. काकडी, गाजर, बीट, दाण्याचं कूट घालून. मुलांनीही भांडी पुसून रिकामी केली.

दुसरं, पाकीट वाचायला मुलांना शिकवा. इकडे वरून घातलेली साखर वेगळ्या ओळीत छापतात. तुमच्याकडेही घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. 'मल्टीग्रेन' लिहिलेल्या बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल निघालं तर ते मैद्याचं बिस्किटच.

पाकिटातल्या खाण्यावर २०१९ मध्ये इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी प्रयोग केला. २० माणसांना दाखल करून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चोथा सारखा ठेवला होता, हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या खाण्याच्या दिवसांत माणसं रोज जवळजवळ ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. ते खाल्लंही जास्त भराभर गेलं. म्हणून 'हात आवर' असं मुलाला सांगण्यापेक्षा पाकीट घरात न आणणं हा त्याच्यावरचा खरा उपकार आहे.

तनुजा_ग

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आम्ही मुलाला ओरडत होतो आणि बरण्या आम्हीच भरत होतो.

आमच्याकडे काय चाललंय ते लिहिते. पहिलं म्हणजे सगळ्यांना एकच नियम. मुलाच्या वजनाचा उच्चार घरात कुणी करायचा नाही, आत्या-मावशीनं 'गोलू' म्हटलं तरी मी तिथल्या तिथे थांबवते. टीव्ही-मोबाइल जेवणाच्या वेळी बंद, सासूबाईंच्या मालिकेसकट. त्या आधी रुसल्या, मग त्यांनीच नातवाला जेवताना गोष्ट सांगायला सुरुवात केली.

डब्यात आता मोड आलेल्या मटकीची भेळ, नाचणीचं धिरडं, उकडलेलं अंडं, भाजलेले चणे-गूळ, पालकाची दशमी असं फिरवते. मटकीच्या भेळेत शेव हवीच असा त्याचा हट्ट होता, म्हणून शेव दिली, मूठभराच्या जागी चिमूटभर, वरून. आता त्याचे दोन मित्र डबा मागतात. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ वाढते, भात नंतर. भात बंद केलेला नाही. आम्ही भात खाणारी माणसं, वाटी लहान केली एवढंच.

चहा अडून बसलाय. तीन वेळचा चहा, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे माणशी २५ ग्रॅमचा हिशेब तिथेच संपतो. साखर थोडी थोडी कमी करतेय.

शेवंता

चहाला एकदम अर्धा चमचा करू नका. पाव-पाव चमचा कमी करत जा, आलं नाहीतर गवती चहा जास्त घाला. जिभेला सवय लागते, मग लग्नातला चहा पाकासारखा लागतो.

तुमच्या मुलाच्या शाळेत साखरेचा फलक लागलाय का? २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना तसं सांगितलं होतं. माझ्या भाचीच्या शाळेत मुलांनीच केला. कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीशेजारी तीस ग्रॅमहून जास्त साखर प्लास्टिकच्या पिशवीत भरून टांगली. आम्ही शंभर वेळा सांगून जे झालं नाही ते त्या पिशवीनं केलं.

माळरान

मी बीड जिल्ह्यातून, आरोग्य विभागात गावपातळीवर काम करते. हा शहरी लोकांचा विषय आहे असं कुणाला वाटू नये म्हणून लिहिते.

गावात किराणा दुकानाच्या दारावर पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात. मजुरीला गेलेली आई पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते, कारण त्या वेळी तिच्याकडे दुसरा उपाय नसतो. अंगणवाडीत एकीकडे कमी वजनाचं बाळ आणि त्याच घरात कंबर सुटलेली आजी, असं एका उंबऱ्याच्या आत दिसतं. रेशनला गहू-तांदूळ मिळू लागला आणि ज्वारीची भाकरी कमी झाली. ज्वारीत कॅलरी गव्हाएवढ्याच, मला कुणी जादूचं धान्य म्हणून विकू नये. पण दोन भाकरी, पिठलं, कांदा आणि ठेचा खाऊन माणूस चार तास भूक विसरतो, ते मैद्याच्या बिस्किटांनी होत नाही.

चांगलंही सांगते. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पोरं पळतात, आता पोरीही पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं. आमच्या वस्तीवरच्या मुली आधी अंधारात निघायला घाबरायच्या. मग दोन आया बरोबर जाऊ लागल्या, कडेला बसून राहायच्या. बसून थंडी वाजते म्हणून त्याही चालायला लागल्या. आता मुलींबरोबर आयांचाही घोळका असतो, साड्या खोचून, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांतल्या एकीची बीपीची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली. भरती झाली नाही तरी हे पळणं थांबू नये म्हणून आम्ही ग्रामपंचायतीकडे शाळेच्या मैदानावर दोन दिवे मागितलेत.

बापूकाका

माळरान ताई, जिंकलंत. दिवे न मिळाल्यास इथे कळवा, वर्गणी काढू. पहिली माझी.

सई_लोकल

काका, दुसरी माझी.

पूर्वेश

मीही. एक विचारायचं होतं, वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दल. ऑफिसमध्ये सगळीकडे तीच चर्चा.

स्टेथोस्कोप

२०२५ पासून ती भारतात वजनासाठी मिळू लागली. भूक कमी करतात, काम करतात, आणि ज्याला खरंच लठ्ठपणाचा आजार आहे त्याच्यासाठी मोठा आधार आहे. त्यात कमीपणा काही नाही, लठ्ठ माणसाला आळशी ठरवणं थांबायला हवं. पण लग्नाआधी पाच किलो उतरवायला ती नाहीत. बंद केली की बरंचसं वजन परत येतं, आणि सोबत प्रथिनं व ताकदीचा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातात. प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. एका वाटी वरणात पाच-सहा ग्रॅम असतात, तेही घट्ट असेल तर. आपल्या बायकांच्या ताटात नेमकं हेच कमी पडतं. डाळीचं पाणी वाढून घेतात आणि डाळ मुलांना. उसळ, अंडी, दही, सोयाबीन, मासे, जे चालतं ते स्वतःच्या ताटातही वाढून घ्या.

वजन अचानक वाढत असेल, पाळी अनियमित असेल, फार थकवा असेल किंवा रात्री घोरताना श्वास अडकत असेल, तर आहार बदलून वाट बघत बसू नका. थायरॉइड, पीसीओडी (बीजकोशांचा विकार), झोपेतला श्वासाचा आजार तपासून घ्यावा लागतो. आणि जागरणं कमी करा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, तीही गोड-तळलेल्याची.

आजोळ

डॉक्टर, शेवटचं. आई ६४ वर्षांची, गुडघे दुखतात, वजन थोडं जास्त. सूर्यनमस्कार सुरू करायचे म्हणतेय. करू द्यावेत का?

स्टेथोस्कोप

आधी गुडघा सुजलाय का, रात्री ठणकतो का ते दाखवून घ्या. तसं नसेल तर सूर्यनमस्काराच्या आधी मांडीचे स्नायू तयार करा. खुर्चीवर ताठ बसून एक पाय सरळ समोर उचलायचा, पाच आकडे धरून ठेवायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जमलं की उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं. सपाट रस्त्यावर दोन्ही जेवणांनंतर शतपावली, दहा-दहा मिनिटांपासून. जमिनीवर मांडी घालून भाजी निवडणं सध्या थांबवा, टेबलावर निवडू दे. पाच-सहा आठवड्यांनी गुडघा शांत असेल तर भिंतीला किंवा खुर्चीला हात टेकून नमस्कार शिकवणारे शिक्षक शोधा, पूर्ण नमस्काराची घाई नको. दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर आदल्या दिवशीचं प्रमाण निम्म्यावर आणा.